नेढं, दांडा आणि पाचर

१. पावसात घट्ट, शिमग्यात सैल

रत्नागिरीकडे ज्या घरात अजून चूल किंवा पाण्याचा बंब पेटतो, त्या घरात हा प्रश्न दर वर्षी निघतो. श्रावणात दोन्ही हातांनी पिळली तरी न हलणारी कुऱ्हाड शिमग्याच्या सुमारास दांड्यावर खुळखुळायला का लागते? वेळही नेमकी अडचणीची. पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडं फोडून रचायची ती याच दिवसांत, शिमगा उलटल्यापासून मिरग लागेपर्यंत. मग कोणी दांड्याच्या डोक्यात खिळा ठोकतं, कोणी सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबतं आणि बहुतेक जण कुऱ्हाड रात्रभर बादलीत उभी करून ठेवतात. सकाळी ती घट्ट झालेली असते. आठवड्याभरात पुन्हा सैल होते, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

दोष लाकडाला देतात, दांडा बसवणाऱ्या मेस्त्रींना देतात. दोष बहुतेक वेळा महिन्याचा असतो. भर पावसात केलेला दांडा कितीही जोर लावून ठोका, माघ-फाल्गुनात तो सैल होणारच. असं का होतं, हे कळलं की आजोबांच्या काळातली मांगरात गंजत पडलेली कुऱ्हाड घरच्या घरी पुन्हा कामाला लावता येते.

२. पाणी कुठे असतं

हिराची केरसुणी डोळ्यांपुढे आणा. शे-दीडशे हीर एका दिशेने धरून आवळून बांधलेले. दोन्ही टोकांना धरून ओढली तर ती तुटत नाही. पण बंध सोडून आडवी दाबली की हीर लगेच एकमेकांपासून सुटतात. लाकूड म्हणजे असेच उभे तंतू, फक्त अतिशय बारीक आणि आतून पोकळ. झाड उभं असताना या पोकळीत पाणी असतं आणि तंतूंच्या भिंतीतही मुरलेलं असतं.

झाड तोडल्यावर आधी पोकळीतलं पाणी निघून जातं. तेवढ्याने लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती भरलेल्या. यापुढे जे पाणी जातं ते भिंतींतून, आणि भिंती बारीक होतात म्हणून लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. सगळं आकसणं आडवं. त्यातही दोन दिशा आहेत. ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळाकार रेषांच्या दिशेने आकसतं. गोल सोटा सुकताना सालीपासून गाभ्यापर्यंत उभा तडकतो तो या दुपटीमुळे.

सुकलेलं लाकूडही स्वस्थ बसत नाही. हवा दमट झाली की ते हवेतलं पाणी पुन्हा घेतं, कोरडी झाली की सोडतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात उघड्या पडवीतल्या लाकडात २० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दिवाळीनंतर घाटाकडून कोरडा वारा सुटला की तेच लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास येतं.

आता हिशेब करू. दांडा ज्या भोकात बसतो ते कुऱ्हाडीचं नेढं. नेढ्याची रुंदी २० मिलिमीटर धरू. टणक लाकूड रेषांच्या दिशेने, पाण्याच्या दर टक्क्यामागे साधारण पाव टक्का आकसतं. आठ टक्के पाणी गेलं, म्हणजे दोन टक्के आकसणं. वीस मिलिमीटरचे दोन टक्के म्हणजे ०.४ मिलिमीटर. लोखंड मात्र जागच्या जागी आहे. पोस्टकार्डाहून जाड अशी ही फट कुऱ्हाड हलायला पुरेशी आहे. ओल्या फांदीचाच दांडा करून ठोकला असेल तर पाणी ३० टक्क्यांवरून उतरणार आणि फट दुपटीहून मोठी, जवळजवळ एक मिलिमीटरची होणार.

३. बादलीचा उपाय लाकूड का मारतो

पाण्यात ठेवलेला दांडा फुगतो, ही गोष्ट खरी. पण नेढ्यात त्याला फुगायला जागा नाही, चारी बाजूंनी लोखंड आहे. मग फुगणारे तंतू एकमेकांना दाबतात आणि लोखंडालगतच्या तंतूंच्या पोकळ भिंती चेपतात. चेपलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. लाकूड सुकलं की ते मूळ मापावर न थांबता त्याहून खाली जातं. दर बादलीगणिक दांडा नेढ्यात थोडा थोडा बारीक होत जातो. चार-पाच उन्हाळे असे काढलेला दांडा नेढ्यातून काढून पाहा. लोखंडाच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा काळपट आणि भुसभुशीत झालेला दिसेल, आणि बऱ्याचदा तिथेच कूज धरलेली असते.

बादलीचा उपाय एका संध्याकाळपुरता चालतो. समोर झाड पडलंय, रस्ता अडलाय, दुसरी कुऱ्हाड नाही, अशा वेळी करावा आणि नंतर दांडा बदलावा.

४. नेढं नव्हतं तेव्हा

भोक पाडून त्यात दांडा घालायचा ही युक्ती आपल्याला इतकी सवयीची आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल, हे लक्षात येत नाही. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे हे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. जोर्व्याला मिळालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी तीन हजार वर्षांहून जुन्या आणि चक्क सपाट आहेत, नेढ्याशिवाय. अशी कुऱ्हाड दांड्यातच खोबणीत किंवा चिरेत बसवून आवळावी लागते. यात लाकडाने धातूला धरायचं असतं आणि तिथेच गोची आहे. प्रत्येक घावाला धातू मागे सरकतो आणि स्वतःच्याच दांड्याला फोडत जातो.

पुढे लोखंड आलं तरी ही अडचण लगेच सुटली नाही. नागपूरच्या आसपास टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे बृहदाश्मयुगीन शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठ्या दगडांची वर्तुळं रचून त्यात केलेली दफनं. १९६७ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांत देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खणली. त्यांतल्या लोखंडी कुऱ्हाडीही सपाटच. पण त्यांच्यावर फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत, दांडा आणि पातं एकत्र आवळून धरणाऱ्या. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. लोखंड गाळण्याइतकं कसब असलेल्या माणसांनी बसवणीचा प्रश्न पट्ट्या आवळून सोडवला होता, हे पाहिलं की आपल्या मांगरातल्या गंजक्या नेढ्याबद्दल जरा आदर वाटतो. नेढ्यात भूमिका उलटल्या. लोखंड बाहेर, लाकूड आत. घाव बसला की लाकूड फाटायच्या ऐवजी दाबलं जातं, आणि दाब सोसणं त्याला जमतं.

५. जुनं लोखंड आधी तपासा

जुन्या कुऱ्हाडी दोन प्रकारच्या मिळतात. एक गावच्या लोहाराने घडवलेली. लोखंडाची पट्टी मधोमध वळवून नेढं केलेलं, दोन्ही पाखं भट्टीत तापवून एकत्र ठोकलेली आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा भरलेला. पोलाद महाग, म्हणून लागेल तेवढंच. दुसरी कारखान्यातली. गंज खरवडल्यावर नेढ्याच्या बाजूला ‘ब्रेड्स’, ‘गिल्पिन’ किंवा ‘एल्वेल’ असा ठसा दिसला तर ती इंग्लंडहून आली आहे; बर्मिंगहॅमच्या आसपासचे हे कारखाने वसाहतींना अवजारं पुरवत. देशी कारखान्यांत टाटा ऍग्रिको हे नाव १९२५ पासूनचं, टिकाव-फावड्यांवर ते आजही दिसतं. ठशामुळे कुऱ्हाड चांगली ठरत नाही. लोहाराने मन लावून पाणी दिलेली बिनठशाची कुऱ्हाडही तितकंच काम देते.

सडका दांडा काढण्यासाठी कुऱ्हाड चुलीत घालायची पद्धत सर्रास आहे. ती करू नका. पोलादाला पाणी दिलेलं असतं म्हणजे तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा नेमका राखलेला असतो. हा बेताचा आकडा साधारण अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा. चुलीतल्या निखाऱ्यांत त्याच्या दुपटीहून जास्त ताप लागतो. दांडा जळतो आणि सोबत धारेचं पाणीही उतरतं. मग ती कितीही पाजवा, दोन घावांत बोथट. त्यापेक्षा दांडा लोखंडाला लागून करवतीने कापावा, उरलेल्या गाभ्यात गिरमिटाने चार-सहा भोकं पाडावीत आणि खालच्या बाजूने छिन्नी लावून वर ठोकून काढावा. नेढं सहसा वर थोडं रुंद असतं, म्हणून वरच्या दिशेने.

गंज काढायला चिंचेचं पाणी चांगलं. रात्रभर बुडवून सकाळी काथ्याने घासलं की बराचसा गंज सुटतो. आगळ मात्र वापरू नये. कोकमाचा आंबटपणा कामाचा असला तरी आगळात मीठ असतं आणि मीठ लागलेलं लोखंड दोन दिवसांत पुन्हा तांबडं होतं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, वाळवून तेलाचा हात फिरवावा.

आता नेढ्याच्या भिंती उजेडात पाहा. केसाएवढी चीर असली तरी ती कुऱ्हाड बाद. पाचर ठोकताना किंवा घाव घालताना ती उकलणार. दोरीला टांगून हलकं ठोकल्यावर स्वच्छ नाद आला तर चांगलं, बद्द आवाज आला तर चीर पुन्हा शोधा. मागचा माथा घण म्हणून वापरून पसरलेला असेल तर नेढंही बहुधा वेडंवाकडं झालेलं असतं. पहारी ठोकायला कुऱ्हाडीचा माथा वापरण्याची ही सवय कोकणात फार आहे. आतला उंचवटा गोल कानशीने काढता येतो, पण भिंत पातळ होईल इतका नाही.

६. कोणतं लाकूड

दांड्याला तीन गुण लागतात: लवचीकपणा, झटका सोसण्याची ताकद आणि सरळ तंतू. नुसता टणकपणा फसवा असतो.

सागवान घ्यावं असं पुष्कळांना वाटतं, कारण घरात सगळं सागवानाचं. साग कमी आकसतो, वाळवीला आणि पावसाला पुरून उरतो. दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही. पण आडवा झटका बसला की तो तडकन मोडतो. आंबा मऊ आणि किडीला प्रिय. फणस देखणा, पण या कामाला कमजोर.

माझी पहिली पसंती धामणीला. सह्याद्रीच्या उतारावर, संगमेश्वर-देवरूखच्या बाजूच्या रानात हे झाड मिळतं. पोरं त्याची आंबटगोड फळं खातात, मोठी माणसं त्याच्या काठ्या करतात. धामणीचं लाकूड वाकतं आणि परत सरळ होतं. धनुष्यं, वल्ही, बैलगाडीचे भाग, इंग्रजांच्या काळात तर गोल्फच्या काठ्यासुद्धा त्याच्या होत. अमेरिकेत दांड्यासाठी हिकरीला आणि युरोपात ॲशला जो मान, तो आपल्याकडे धामणीला द्यावा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तिला लागू पडत नाही, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने धामणीच्या गोतात भेंडी आणि जास्वंद येतात. त्यांना कुऱ्हाडीचं भय नाही.

तिवस हे दुसरं उत्तम लाकूड. चिवट, तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून फुटत नाही. पण त्याच कारणाने तासायला जिकिरीचं. देशावर बाभूळ चालते आणि छान चालते, कोकणच्या कातळावर ती फारशी नाही. परसातला पेरू विसरू नका. जून पेरूची सरळ फांदी मिळणं कठीण, पण मिळाली तर छोट्या कुऱ्हाडीला तिचा दांडा मजबूत होतो. ऐन आणि किंजळ मुबलक आहेत, टणक आहेत, पण जड. हात लवकर भरून येतो.

यातल्या तिवस, ऐन आणि किंजळ या झाडांना महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याचं संरक्षण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं, त्यामुळे ‘झाड आमचंच आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. झाड आपलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. दांड्यासाठी उभं झाड पाडायची गरजही नसते. वादळात पडलेल्या झाडाचा मांडीएवढ्या जाडीचा सरळ तुकडा मिळाला की चार दांडे निघतात.

७. रेषा वाचणं

लाकडाच्या जातीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तंतू दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात की मध्येच बाजूने बाहेर पडतात. बाहेर पडले तर तिथे दांडा फक्त तंतूंमधल्या चिकटपणावर उभा असतो.

हे मोजता येतं. दांडा ३ सेंटिमीटर जाड आहे असं धरा. एखादी रेषा एका कडेला सुरू होऊन ३० सेंटिमीटर पुढे दुसऱ्या कडेने बाहेर पडली, तर तिरकेपणा दहास एक. नुसत्या डोळ्यांना हा दांडा सरळच वाटेल. पण अमेरिकेच्या वनोत्पादन प्रयोगशाळेच्या मोजणीनुसार दहास एक तिरकेपणाला झटका सोसण्याची ताकद सरळ लाकडाच्या ६२ टक्के उरते आणि पाचास एक असेल तर ३६ टक्के. पंचवीसास एकपर्यंत फारसा फरक पडत नाही, ९५ टक्के ताकद शाबूत राहते. म्हणजे आपल्या ३ सेंटिमीटर जाडीच्या दांड्यात रेषेने एका कडेवरून दुसरीकडे जायला निदान ७५ सेंटिमीटर घेतले पाहिजेत. तेवढीच दांड्याची लांबी असते.

म्हणून लाकूड कापण्याऐवजी फोडावं. करवत आखलेल्या रेघेने जाते, तिला तंतूंशी देणंघेणं नाही. पाचर ठोकून फोडलेला तुकडा मात्र तंतूंच्या वाटेनेच फुटतो. तो वाकडा फुटला तर झाड आतून वाकडं होतं, एवढं कळतं आणि तो तुकडा चुलीला जातो. वखारीतून आणलेल्या कापीव फळीचा दांडा मोडतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. फोडलेल्या तुकड्यात झाडाचा मधला गाभा येऊ देऊ नये. तडा तिथूनच सुरू होतो. अख्ख्या गोल सोट्याचा दांडा केला तर गाभा आत राहतोच, म्हणून मनगटाएवढ्या सोट्यापेक्षा मांडीएवढ्या ओंडक्याचं चौथं फाळकं बरं.

८. तोडणी आणि सुकवणी

दिवाळीनंतर तोडलेलं लाकूड बरं. पाऊस थांबलेला असतो, लाकूड हळूहळू सुकतं, बुरशी कमी लागते. अमावास्येच्या आसपास तोडावं असं जुने लोक सांगतात. चंद्राचा भाग मला पटलेला नाही. पण तोडल्यावर लाकूड महिनाभर पऱ्ह्याच्या किंवा तळीच्या पाण्यात बुडवून ठेवायची त्यांची रीत पटते. बाहेरच्या फिकट लाकडात पिठूळ अंश असतो आणि भुसा पाडणारा भुंगा त्याच्यासाठी येतो. पाण्यात तो अंश बराच निघून जातो.

तुकडा दांड्याच्या मापापेक्षा बोटभर जाड ठेवून, दोन्ही टोकांना मेण किंवा तेलरंग फासून सावलीत ठेवावा. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जातं, म्हणून तिथेच भेगा पडतात. पडवीच्या आढ्याला किंवा चुलीवरच्या माळ्यावर चार-पाच महिने. सुकलं की नाही हे कळायला यंत्र नको, किराणाचा काटा पुरे. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तयार. दिवाळीनंतर तोडलेला तुकडा मार्च-एप्रिलपर्यंत या अवस्थेला येतो आणि दांडा बसवायचा हंगामही तोच.

९. तासणं आणि बसवणं

लांबी किती? बहुतेकांना ६५ ते ७५ सेंटिमीटर पुरते. छेद गोल ठेवू नये, अंड्यासारखा लांबट असावा. गोल दांडा घामेजल्या हातात फिरतो आणि धार कुठे वळली ते कळत नाही. लांबट दांडा न पाहताही दिशा सांगतो. मुठीशी साडेतीन बाय अडीच सेंटिमीटर पुरतात, टोकाला थोडा फुगवटा ठेवला की हातातून निसटत नाही. मधला भाग थोडा बारीक करायला घाबरू नका. बाजारातले दांडे गरजेपेक्षा जाड असतात, ते लवत नाहीत आणि सगळा झटका मनगटात येतो.

वासल्याने ढोबळ आकार, मग रंधा, मग कानस. शेवटी फुटक्या काचेच्या कडेने खरवडलं की पॉलिश पेपरपेक्षा नितळ पृष्ठ मिळतं. जाड हातमोजे घालून.

नेढ्यात जाणारा भाग हे या कामाचं खरं कसब आहे. नेढ्याचा छाप कागदावर घेऊन दांड्याच्या डोक्यावर आखावा आणि रेघेच्या किंचित बाहेर राहून तासावं. आता चिमणीवर धरून नेढ्याच्या आत काजळी चढवा. दांडा घाला, काढा. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड जास्त आहे. तेवढंच कानशीने घासा, पुन्हा घाला. वीस-पंचवीस वेळा हे करावं लागतं. घाई करून एकदम जास्त घासलं तर ती फट पाचरीने भरली जात नाही, कारण पाचर लाकूड दोनच बाजूंना पसरवते.

लोखंड चढवताना बहुतेक जण कुऱ्हाडीच्या माथ्यावर ठोकतात. उलट करा. दांडा उभा धरून लोखंड खाली लोंबत ठेवा आणि दांड्याच्या वरच्या, म्हणजे मुठीच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. दांडा झटक्यात खाली सरकतो, जड लोखंड आपल्या जडत्वामुळे जागीच राहतं, आणि प्रत्येक ठोक्याला दांडा नेढ्यात थोडा आत जातो. स्वतः करून पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. दांडा नेढ्याच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा बाहेर यावा.

पाचर ठोकण्याआधी मुठीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहा. धार दांड्याच्या मधोमध आणि सरळ रेषेत दिसली पाहिजे. एका बाजूला झुकली असेल तर आता दुरुस्त होते, नंतर नाही.

१०. पाचर किती धरते

घाव घालताना कुऱ्हाड सटकून उडेल ही भीती रास्त आहे, पण ओढ किती असते ते पाहू. लोखंड दीड किलोचं, वेग सेकंदाला १० मीटर आणि खांद्यापासून लोखंडापर्यंत सव्वा मीटर धरला तर बाहेरची ओढ बारा किलो वजन टांगल्याएवढी येते. नीट बसवलेला दांडा ती सहज पेलतो. पाचर सैल होते ती वेगळ्याच वेळी. कुऱ्हाड ओंडक्यात अडकते आणि माणूस दांडा डावी-उजवीकडे हिसकतो, तेव्हा नेढ्याच्या कडा लाकडाला चावतात. अडकलेली कुऱ्हाड वर-खाली हलवून सोडवावी.

पाचरीसाठी दांड्याच्या डोक्यात, नेढ्याच्या लांबीच्या दिशेने करवतीने चीर घ्यायची. नेढं ६० मिलिमीटर खोल असेल तर चीर ४० मिलिमीटर. पाचर लाकडाचीच, कडकडीत सुकलेली, नेढ्याच्या लांबीएवढी रुंद. ओली पाचर सुकून आकसते आणि सगळं काम वाया जातं. सावकाश ठोकत जा. आवाज बदलून टणक झाला की थांबा. बाहेरचा भाग चार-पाच मिलिमीटर ठेवून कापा, अगदी लोखंडासरशी नको. वर राहिलेलं लाकूड थोडं पसरतं आणि लोखंडाला अडवतं.

लोखंडी पाचर पहिल्या दिवशी ठोकू नये, असं माझं मत. मार्चमध्ये बसवलेला दांडा पहिल्या पावसात फुगेल, थोडा चेपेल आणि पुढच्या हिवाळ्यात किंचित सैल होईल. हे टळत नाही. लोखंडी पाचर त्या वेळेसाठी राखून ठेवावी आणि लाकडी पाचरीला तिरकी ठोकावी. खिळा हा पाचरीला पर्याय नव्हे. तो तंतू फोडतो, पसरवत नाही.

टिकावाला पाचरच नसते, हे पाहिलं असेल. त्याचं नेढं वर रुंद, खाली अरुंद. दांड्याचं वरचं टोक जाड. लोखंड मुठीकडून चढवून वर सरकवतात आणि प्रत्येक घावाला ते जाड टोकाकडे आणखी घट्ट होतं. काही गावठी कुऱ्हाडींची नेढीही अशीच असतात. नेढ्याचं वरचं आणि खालचं माप घेऊन पाहा. दोन्हींत फार फरक असेल तर पाचरीचा खटाटोप न करता टिकावासारखाच दांडा करावा. पावसाळ्यात तो काढून ठेवता येतो, हा आणखी फायदा.

११. तेल

व्हार्निश चढवलेल्या दांड्याने तासभरात हाताला फोड येतात, आणि व्हार्निशला तडा गेला की त्याखाली पाणी साचतं. तेलच बरं. खोबरेल नको, ते सुकत नाही, खवट होतं आणि मुंग्या बोलावतं. काजूच्या टरफलांचं तेल लाकूड टिकवतं, होड्यांना ते लावतातही, पण कच्चं तेल कातडी भाजतं, तेव्हा मुठीवर त्याचा विचारही करू नये. अळशीचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेल तेल म्हणतात, ते हवेत सुकून घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार हात झाले की पुरे. दांड्याचं डोकं आणि मुठीचं टोक यांना मात्र पितील तेवढं पाजा, कारण दमट हवा तिथूनच आत जाते.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती कोंडून आपोआप आग लागू शकते. चिंध्या एकेक करून वयावर, म्हणजे कुंपणावर, मोकळ्या पसरून वाळवाव्यात आणि कडक झाल्या की चुलीत घालाव्यात.